मिसिंगची नोंद म्हणजे उपकार नाही



या अंकात मी प्लॉटच्या जीपीएस मोजणीवर लिहायचं असं बैठकीत ठरलं होतं. ते पुढच्या अंकात लिहीन. दिवाळी तोंडावर आली आहे. दिवाळी झाली की भट्टीचे टेम्पो पाड्यापाड्यात येऊन उभे राहणार, आणि त्याच्या आधी ही गोष्ट सगळ्यांच्या हातात गेली पाहिजे असं वाटलं. आपली माणसं हरवतात. हरवली की आपण पोलीस ठाण्यात जातो. तिथं काय होतं ते आपल्यातल्या बऱ्याच घरांना माहीत आहे, पण कोणी कोणाला सांगत नाही. लाज वाटते. हरवलेल्याची लाज हरवलेल्याच्या घराला का वाटावी हे मला अजून समजलेलं नाही.

शेजारच्या पाड्यातली एक मुलगी. तिचं नाव लिहीत नाही, पाड्याचंही लिहीत नाही. गेल्या हंगामात मावशीबरोबर भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर गेली. होळीला सगळे घरी आले, ती आली नाही. मावशी बोलली, ती आठ दिवस आधीच निघाली, मला वाटलं घरी पोचली. मुकादम बोलला, पळाली असेल कोणाबरोबर, पोरींचं काय सांगता येतं. तिचे वडील, मी त्यांना काका बोलते, आधी भगताकडे गेले. मग भट्टीवर जाऊन आले. त्यात पाच दिवस गेले. हे दिवस आपणच घालवले, ते पोलिसांच्या नावावर टाकता येणार नाहीत.

सहाव्या दिवशी काका ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारानं विचारलं, "चोवीस तास झाले का?" काका बोलले, "चौदा दिवस झाले साहेब." तर तो बोलला, "मग चौदा दिवस काय करत होतास? झोपला होतास?" म्हणजे चोवीस तासांच्या आत गेलं तर लवकर, आणि नंतर गेलं तर उशीर. नेमकं कुठल्या मिनिटाला जायचं ते त्यांनीच एकदा बोर्डावर लिहून लावावं. चोवीस तास थांबायचं असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ही ठाण्यात बसून तयार केलेली गोष्ट आहे, पण इतकी जुनी झाली की आपलेच शिकलेले लोक सुद्धा ती खरी धरून चालतात. मी पण धरत होते.

पुढं साहेब बोलले, भट्टी तिकडे आहे, ती आमची हद्द नाही, तिकडं जा. काका एसटीनं तिकडं गेले, एक दिवसाची मजुरी आणि भाडं खर्च करून. तिथल्या ठाण्यात सांगितलं, मुलगी तुमच्या गावची ना, मग गावच्या ठाण्यात द्या. काका परत आले. तिसऱ्या वेळी मला घेऊन गेले. मला बघून हवालदारानं विचारलं, "तू कोण गं, वकील का?" मी बोलले, बारावी झाले आहे, लिहिता येतं. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला तो पूर्ण वेळ अरे-तुरे करत होता, त्यावर मी काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. पण काम व्हायचं होतं.

त्या दिवशी नोंद झाली. मिसिंग रजिस्टरमध्ये. होळीपासून तो तेविसावा दिवस होता. काकांचा जबाब घेतला, सही घेतली, वाचून दाखवला नाही. मी मागितलं तेव्हा हवालदारानं कागद माझ्यासमोर उलटा धरून लगेच ठेवून दिला. तेवढ्यात दोन गोष्टी मला दिसल्या. वय १९. आणि "स्वतःहून निघून गेली". काकांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. कॉपी मागितली तर "मिसिंगची कॉपी मिळत नाही" बोलले. एका चिठोऱ्यावर नंबर लिहून दिला.

वय १९ कुठून आलं? अंदाजानं. मुलगी आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली. तिच्या दाखल्याप्रमाणे तिला सतरावं लागायला तीन महिने बाकी होते. हा एका आकड्याचा फरक दिसायला लहान आहे, पण सगळं त्याच्यावर फिरतं. १८ वर्षांच्या वरची म्हटली की ती फक्त एक मिसिंग. रजिस्टरमध्ये एक ओळ, बिनतारी संदेश पाठवला तर पाठवला, फोटो असला तर बोर्डावर. त्याला गुन्हा बोलत नाहीत, म्हणून तपास पण नाही. आणि १८ च्या आतली मुलगी पालकाच्या ताब्यातून गेली तर तो अपहरणाचा गुन्हा, २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेचा ३६३ चा. तिथं एफआयआर करावा लागतो, तपासी अधिकारी नेमावा लागतो, केस डायरी लिहावी लागते, वरचे साहेब विचारतात. ज्याला काम नको आहे त्यानं १६ च्या जागी १९ लिहायचं. पेनाचं काम, बाकी काही नाही.

आणि या बाबतीत कायदा आपल्याला माहीत नाही असं त्यांना वाटतं, म्हणून इथं लिहून ठेवते. १० मे २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर करायचाच, आणि तपासातून दुसरं काही सिद्ध होत नाही तोवर मुलाला पळवलं किंवा विकलं असंच धरून चालायचं. म्हणजे "पळून गेली असेल" हे पोलिसानं आधी धरायचंच नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जायला पाहिजे असंही त्यात आहे. मग त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पाच न्यायाधीशांचा निकाल आला, ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर नोंदवणं पोलिसाच्या मर्जीवर नाही, बंधनकारक आहे. ती ललिता कुमारी पण हरवलेली लहान मुलगीच होती. गाझियाबादकडची. तिच्या वडिलांची तक्रार ठाण्यात घेत नव्हते. आपल्या काकांसारखेच तेही दारोदार फिरले, म्हणून तो निकाल झाला.

आम्ही आश्रमशाळेतून दाखल्याची कॉपी आणली आणि एसपींना अर्ज लिहिला. २०२४ पर्यंत लागू असलेल्या क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम १५४ मध्ये तीन पोटकलमं होती. पहिल्यात होतं की तोंडी सांगितलेली खबर पोलिसानं लिहून घ्यायची आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. दुसऱ्यात होतं की त्याची कॉपी फुकट द्यायची. तिसऱ्यात होतं की ठाण्यात घेतली नाही तर तीच खबर लिहून पोस्टानं एसपीला पाठवायची. पोस्टानं चालतं, पण आम्ही तेव्हा ठाण्याला हातानं नेऊन दिला, कारण आवक-जावकचा शिक्का हवा होता. कागदावर तो गोल शिक्का बसला की ठाण्यातला आवाज बदलतो हे मी स्वतः पाहिलं. (१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा वेगळा झाला. एसपी ऑफिस जवळ आलं हे चांगलं. पण भट्ट्या बऱ्याच ठाणे जिल्ह्यात राहिल्या, म्हणजे "आमची हद्द नाही" बोलायला आता आणखी एक रेघ मिळाली. हद्द कुठलीही असो, ठाण्यानं खबर झिरो नंबरनं घ्यायची आणि स्वतः तिकडं पाठवायची. एसटीचं भाडं आपण भरायचं नाही.)

एफआयआर झाला तो होळीपासून एक्केचाळिसावा दिवस. त्यानंतर मुलगी सापडली सहा दिवसांत.

हे वाक्य मी बैठकीत बोलले तेव्हा सगळे गप्प बसले. सहा दिवस. नवीन फौजदारांनी मावशीचा जबाब घेतला, मुकादमाला बोलावलं, त्याच्या मोबाईलमधून टेम्पोवाल्याचा नंबर काढला, तो नंबर कुठं फिरतो ते मागवलं, आणि गुजरातच्या हद्दीत एका खोलीवर गेले. त्यांनी काम चांगलं केलं, रात्रीचे स्वतः गेले, मुलीशी नीट बोलले, सोबत बाई पोलीस होती. हे लिहिलं पाहिजे. पण यात असं काय होतं जे तेविसाव्या दिवशी करता आलं नसतं? किंवा सहाव्या? मावशी तेव्हा पण होती, मुकादम होता, मोबाईल होता. तिच्यावर काय गेलं ते मी इथं लिहिणार नाही. तिनं नको सांगितलं आहे, आणि कायद्यानं तिची ओळख छापायलाही मनाई आहे. एवढंच लिहिते की ते सगळं आधीच्या दिवसांत झालं नाही, नंतरच्या दिवसांत झालं. ज्या दिवसांत काका एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरत होते त्या दिवसांत.

पोलीस काय बोलतात ते पण बघू. बोलतात, माणसं कमी आहेत. खरं आहे. एका बीटच्या हवालदाराकडे एवढे पाडे, एक मोटरसायकल, पावसाळ्यात अर्धे पाडे तुटलेले. पण वनखात्याचा फोन गेला की प्लॉटवर कोणी नांगर धरला, तर जीप त्याच दिवशी येते, चार माणसं घेऊन. तेव्हा हद्दही माहीत असते आणि रस्ताही. माणूसबळ कमी आहे हे मी मान्य करीन, पण ते कोणाच्या वेळेला कमी पडतं ते पण बघावं लागेल.

दुसरं बोलतात, "तुमच्यात चालतंच हे." म्हणजे मुलगी मुलाच्या घरी राहायला जाते, लग्न मागून होतं. हो, आपल्यात आहे, आणि त्याची मला लाज नाही. पण ज्यानं हे बोलायचं त्यानं आधी आपली रीत नीट समजून घ्यावी. मुलगी मुलाच्या घरी गेली तर दोन-चार दिवसांत निरोप येतो. कोणाच्या घरी गेली, कुठल्या पाड्यावर, देज किती, बैठक कधी, हे सगळ्या गावाला माहीत असतं. लपवून काही नसतं. जिथं निरोप नाही, पत्ता नाही, मुलाचं नाव कोणाला माहीत नाही, ती आपली रीत नाही. तिथं कोणीतरी तिला नेलं आहे. आपल्याच चालीरीतीचा दाखला देऊन आपल्याच मुलीची तक्रार घ्यायची नाही हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. दिल्लीजवळ नोएडाला निठारी गाव आहे. तिथं कामासाठी आलेल्या गरीब लोकांची मुलं एकामागून एक हरवत होती. आईबाप ठाण्यात जात होते, आणि पळून गेली असतील असं ऐकून परत येत होते. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात मुलांची हाडं मिळाली. तेव्हा सगळा देश हादरला, पोलिसांवर कारवाई झाली, आयोगानं शिफारशी केल्या. पण मुलं जात होती तेव्हाच नोंदी नीट घेतल्या असत्या, एक नोंद दुसऱ्या नोंदीशेजारी ठेवून बघितली असती, तर एवढी मुलं गेली नसती.

आता मोठ्या माणसांचं. बापये हरवले तर कोणी बघतही नाही. आपल्याकडून किती जण बोटीवर खलाशी म्हणून गुजरातला जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळ. आमच्या पाड्यातल्या एका काकीचा नवरा तिसऱ्या वर्षी असाच गेला, परत आला नाही. शेठ बोलतो, दुसऱ्या बोटीवर गेला. ती ठाण्यात गेली तर तिला सांगितलं, बोटीवर गेला ना, मग येईल, नोंद कशाला. तिनं ते ऐकलं आणि परत आली.

आता नोंद कशाला, ते बघा. बोटी पाकिस्तानच्या हद्दीत पकडल्या जातात, आपली माणसं कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात, हे डहाणू-तलासरीकडच्या लोकांना मी सांगायला नको. दोन्ही सरकारं दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पण त्या यादीत कोणाचं तरी नाव चुकीचं लिहिलेलं असेल, गावाचं नाव भलतंच असेल, तर ते जुळवणार कशाशी? इथं ठाण्यात नोंदच नाही. तसंच बेवारस प्रेतांचं. कुठं प्रेत मिळालं तर तिथले पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा (२०२४ पर्यंत कलम १७४ चा) करतात, वर्णन लिहितात. ते वर्णन मिसिंगच्या नोंदीशी लावून बघायचं असतं. एका बाजूला कागद नसेल तर दुसऱ्या बाजूचा कागद पडून राहतो, आणि घरची बाई कुंकू लावावं की पुसावं या विचारात वर्षानुवर्षं.

आणि यात जमीन आहे, म्हणून हे आपल्या संघटनेचं काम आहे. काकीचा दोन एकराचा प्लॉट. दावा नवऱ्याच्या नावानं भरलेला. पडताळणीला आले तर बोलले, नवऱ्याला हजर करा. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) मध्ये स्पष्ट आहे की लग्न झालेल्यांचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. तिचा हक्क नवरा दारात उभा असण्यावर नाही, तिनं ती जमीन कसली आहे त्यावर आहे. वनहक्क समितीनं हे लिहून द्यायला पाहिजे होतं, दिलं नाही, आता देत आहोत. पण पुढचा प्रश्न वारसाचा. कायद्याप्रमाणे (२०२४ पर्यंत पुरावा कायद्याचं कलम १०८), ज्यांना खबर लागायला पाहिजे होती त्यांना सात वर्षं माणसाची काही खबर नाही, तर तो जिवंत आहे हे जो बोलेल त्यानं सिद्ध करायचं असतं. सात वर्षं. पण मोजायची कुठून? तिनं तारीख सांगितली तर ऑफिसात बोलतात, कागद दाखव. ज्या दिवशी हवालदारानं "नोंद कशाला" म्हणून तिला परत पाठवलं, त्या दिवशी त्यानं तिच्या दोन एकराचा कागद पण परत पाठवला. त्याला ते माहीत नसेल. तिलाही माहीत नव्हतं. दीर तिथं नांगर घेऊन उभाच आहे.

काही माणसं हरवलेली नसतात, अडकवलेली असतात. बयाणा फिटला नाही म्हणून शेठ सोडत नाही, फोन काढून घेतो, कोळसाभट्टीवर तर जंगलात बसवून ठेवतात. कातकरी बांधवांना हे जास्त भोगावं लागतं. अशा वेळी मिसिंग लिहून येऊ नका. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे, जिल्हाधिकारी आणि प्रांत यांची ती जबाबदारी आहे, त्यांना अर्ज करा. कायद्याप्रमाणे (२०२४ पर्यंत कलम ९७) प्रांत किंवा मॅजिस्ट्रेट झडतीचं वॉरंट काढू शकतात, डांबलेल्या माणसाला समोर आणा असं. ते पण नाही झालं तर हायकोर्टात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका. त्याला वकील लागतो, पण कायदेविषयक मदतीतून आदिवासीला फुकट मिळतो.

आपल्याबद्दल पण एक बोलायचं आहे आणि ते काही जणांना आवडणार नाही. मागे एका मुलीच्या वेळी मुकादम पैसे घेऊन गावात आला होता आणि आपल्याच चार माणसांनी बसून मांडवली केली. बापाला पैसे दिले, तक्रार गेली नाही. त्या चार माणसांपैकी दोघं आजही मोर्चात पुढं घोषणा देतात. पोलिसांनी दाबलं असं आपण बोलतो तेव्हा ते प्रकरण मला आठवतं. गावानं स्वतः दाबलेलं पोलिसांकडे बोट दाखवून सुटत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं दंड संहितेत कलम १६६अ आलं, २०२४ पर्यंत ते लागू होतं. माणसांची विक्री, बलात्कार असल्या गुन्ह्याची खबर पोलिसानं लिहून घेतली नाही तर त्याला स्वतःला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. पण मुळात खबर घेऊन ठाण्यात कोणी गेलंच नाही तर असलं कलम कोणाला लागणार?

पोलीस पाटलांना पण विचारायचं. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं गावातली खबर ठाण्यात पोचवणं त्यांचं काम आहे. आमच्याकडे पोलीस पाटील ठाण्याची खबर गावात पोचवतात, कोण मोर्चाला जाणार ते तिकडं सांगतात, हरवलेल्याची खबर मात्र बापानं चालत जाऊन द्यायची.

ठाण्यात जाताना दोघं-तिघं जा, एकटं जाऊ नका. अर्ज लिहून न्या, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. दाखला किंवा वयाचा कुठलाही कागद आधी शाळेतून काढा आणि अर्जाला लावा, वय त्यांना अंदाजानं लिहू देऊ नका. फोटो नसतो आपल्याकडे हे मला माहीत आहे. शाळेच्या ग्रुप फोटोतून, जत्रेतल्या फोटोतून, मतदान कार्डावरून चालतो. शेवटचं कोणी बघितलं, अंगावर काय होतं, गोंदण कुठं आहे, मोबाईल नंबर, मुकादमाचं नाव, टेम्पोचा नंबर. लिहून घेतील त्याच्यावर वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा नाही. लहान मूल असेल तर १०९८ ला फोन करा, तो फुकट लागतो.

यातल्या टेम्पोच्या नंबरावर आमच्या पाड्यात अडलं होतं. काकांना नंबर माहीत नव्हता, भट्टीचं नाव सुद्धा माहीत नव्हतं, "शेठची भट्टी" एवढंच. म्हणून यंदा गावसभेत एक वही केली आहे, दोनशे पानी. जाणाऱ्याचं नाव, वय, दाखल्याची तारीख, कोणाबरोबर, कुठल्या भट्टीवर किंवा बोटीवर, मुकादमाचं नाव आणि मोबाईल, बयाणा किती, गाडीचा नंबर. वही अंगणवाडीत ठेवली आहे. पहिल्या पानावर त्या खलाशी काकांचं नाव आहे, गेल्याची तारीख काकीला आठवत नव्हती, पण त्या दिवशी नागली लावायला सुरुवात केली होती आणि बाजाराचा दिवस होता, त्यावरून आम्ही काढली. ती तारीख घालून तिचा अर्ज परवा ठाण्यात दिला आहे. शिक्का मिळाला, नोंद नंबर अजून नाही. येत्या मंगळवारी परत जायचं आहे, ज्यांना सोबत यायचं त्यांनी सकाळच्या पहिल्या एसटीला स्टँडवर यावं.